वाडग्यातला चहा

जळकोटहून एसटीनं आलेल्या एका पक्षकारानं कोर्टाच्या आवारात सांगितलं, "रशीद मास्तर गेले." मी हातातला कप खाली ठेवला आणि चहा थंड झाला. त्यात नवीन काही नव्हतं... जिवंतपणी या माणसानं मला कधी गरम चहा पिऊ दिला नाही.

मास्तर धाराशिवच्या शाळेत गणित शिकवत. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, विलीनीकरणानंतर मराठीतून शिकवू लागले. हिशेब मात्र मनात उर्दूतच करत. काही गोष्टी मुलांना शिकवून कळत नाहीत, त्यांचं वय यावं लागतं, हे त्यांचं मत. दुसरं मतच नव्हतं. एकच मत असलेल्या माणसाशी मैत्री करणं फार त्रासाचं असतं.

हा त्रास माझ्या घरात शिरला तो सुशीलेमुळं. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. शिक्षण खात्याचे तपासनीस येणार म्हणून शाळेला चुना फासला, दाराला केळीचे खांब लावले, शोभेला आम्हा पालकांनाही उभं केलं. साहेबांनी गळ्यातला हार न काढताच सुशीलेला विचारलं, "शेरभर कापूस जड की शेरभर लोखंड?"

"लोखंड."

साहेबांनी निकाल दिला, मुलगी मंद आहे. त्यांना हार घालणारे शाळा समितीचे अध्यक्षही माझ्या कानात 'लोखंड'च म्हणाले होते, पण त्यांची तपासणी नव्हती.

माझे थोरले बंधू, दादा, म्हणाले, "मंद पोरीला शिकवून काय दिवे लावायचेत? काढा शाळेतून." घरात शब्द दादांचा. मी वकील, कोर्टाबाहेर माझं फारसं चालत नसे.

त्याच संध्याकाळी मास्तर आले. "दादा, पोरगी मंद न्हाय. अजून डोळ्यांनी इचार करती. दिवाळीपर्यंत सबुरी धरा."

"दिवाळीपर्यंत," दादा म्हणाले. "मग काढणार."

तेव्हापासून दर शुक्रवारी नमाज झाली की मास्तर हजर. आम्हा दोघांचा चहा आला की दोन्ही कप सारखे भरलेत, हे सुशीलेकडून कबूल करून घ्यायचे, मग माझा चहा पसरट वाडग्यात ओतायचे.

"आता कुठं जास्त, बेटा?"

"तुमच्या कपात."

मास्तर मान हलवत आपला चहा पीत. माझा निवत राही. एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, सांगून टाका ना तिला."

"सांगितलं तर मला खूश करायला बोलंल, वकीलसाहेब. मग तुमचा एवढा चहा फुकट जायचा."

दिवाळी तोंडावर आली. दादांनी मुद्दाम खुर्ची जवळ ओढली. मास्तरांनी ओतलं, विचारलं. सुशीलेनं वाडग्याकडं पाहिलंच नाही, मास्तरांकडं पाहिलं... अगदी माझ्याइतकीच वैतागून.

"तेवढाच हाय की, काका. बाबांचाच चहा ओतलाव तुम्ही. सांडला का कुठं?"

"पण माझ्या कपात वरपर्यंत दिसतोय."

"दिसंना का."

"इतक्या दिवसांनी कळलं व्हय?" दादा गुरगुरले.

"तुम्हाला कधी कळलं, दादा? आठवतंय?" मास्तरांनी विचारलं.

दादांना आठवेना. सुशीला शाळेत राहिली. आता ती मॅट्रिकला आहे. मास्तर निवृत्त होऊन जळकोटला गेले, पण धाराशिवला आले की वाडगं मागत. घरात दुसरं लहान मूल नसलं तर माझ्यावर प्रयोग करत.

परवा शुक्रवारी चहा आला. बायकोनं सवयीनं शेजारी वाडगं ठेवलं होतं. "हे कशाला आता?" मी म्हणालो. सुशीलेनं माझा कप उचलला आणि वाडग्यात ओतला.

तेवढाच आहे, हे कळायचं माझं वय केव्हाच होऊन गेलं. तरी कमी दिसला.