पाच नंबरचा बँड आणि जयवंताचा टोला

तुमच्या फोनवर नेटवर्कच्या काड्या किती आहेत हे तुम्ही रोज बघता, पण तो फोन कोणत्या बँडवर, म्हणजे टॉवरच्या कोणत्या लहरीवर चालून राहिला, हे कधी बघितलं का हो? आम्ही बघायचो. आम्ही म्हणजे दरेकशाच्या पहाडीकडच्या अंगणवाडी सेविका. सेविका म्हटलं की लोकांना खिचडी आणि वजनकाटा आठवतो. पण आमच्याजवळ बँडचे किस्सेही आहेत. एकीने सांगितला की दुसरीला आठवतो, आणि चहा निवून जातो!

*

सरकारने आम्हाला स्मार्टफोन दिले, त्या पहिल्या वर्षाची ही गोष्ट. सकाळी दहाच्या आत मुलांची हजेरी ॲपवर टाकायची. नाही गेली तर केंद्र बंद, असंच वरच्या ऑफिसात दिसायचं.

आमची जयवंता जंगलातल्या टोल्यावर, म्हणजे गावापासून तुटलेल्या छोट्या वस्तीवर, सेविका. चौदा मुलं. तिच्या टोल्यावर नेटवर्कच नाही. मासिक बैठकीत सुपरवायझर मॅडमनी तिला उभं केलं.

"जयवंताबाई, तुमचं केंद्र महिनाभर बंद! नेटवर्कचा बहाणा सगळेच करतात. असंच चाललं तर केंद्र मोठ्या गावाला जोडावं लागेल."

मोठं गाव म्हणजे मधात नाला आणि चार किलोमीटर जंगल. तीन वर्षांचं लेकरू कसं जाणार? आम्ही सगळ्या खाली बघू लागलो. जयवंताने मात्र मान वर केली.

"मॅडम, केंद्र बंद होतं, तं महिनाभर खिचडी कोनं खाल्ली? मी एकटीनं?"

*

त्याच आठवड्यात माझ्या फोनची काच फुटली. फुलचूरला एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने काच बसवली आणि तपासायला स्टार-हॅश लावून एक नंबर दाबला. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांची रांगच उघडली.

"दादा, हे काय?"

"बँड है दीदी. ये देखो, चालीस. स्पीड अच्छी, पर दूर नहीं जाता. झाड़ आया तो खतम. पाँच वाला धीमा है, पर जंगल में घुसता है."

मी तो नंबर लसीकरणाच्या कार्डामागे लिहून आणला आणि गटातल्या सगळ्यांना शिकवला. पवारांच्या कौसल्याबाई आमच्यात सगळ्यात मोठ्या. त्यांना दोनदा समजावून सांगितलं. मग त्या म्हणाल्या,

"समजलं वो मीनाताई. माहा नवरा चाळीस नंबरचा हाये. घरात मोठा जोर, उंबऱ्याभाईर गेला का आवाजच नाही!"

*

मग आम्ही ठरवलं, रोज लिहून ठेवायचं. जागा, वेळ, बँड. मॅडमना कागदच दाखवू.

कौसल्याबाईंच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात वजनाचं रजिस्टर. पंधरा दिवसांनी मॅडम तपासायला आल्या आणि रजिस्टर बघून उडाल्याच.

"कौसल्याबाई! अडीच वर्षांच्या मुलीचं वजन चाळीस किलो?"

कौसल्याबाईंनी चष्मा लावून शांतपणे बघितलं.

"वजन नाही मॅडम, बँड हाये. रकाना चुकला."

"आणि हा खालचा मुलगा?"

त्याच्या वजनाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'नेटवर्क नाही'!

मॅडमना हसू आवरेना. जाताना त्यांनीच आपल्या पिशवीतली कोरी वही काढून दिली. आम्ही तेवढ्यावरून समजलो की मॅडम आता आमचं ऐकून राहिल्या.

*

कौसल्याबाईंचं माहेर चोरखमाऱ्याकडचं. भावाकडे जेवायला गेल्या, तर ताट वाढून तयार आणि बाई तलावाच्या पाळीवर! तिथून मला फोन.

"मीनाताई, पाच हाये वो! फुल्ल पाच! पुरा तलाव पार करून येऊन राहिला!"

मागून त्यांच्या भावाचा आवाज आला, "बाई, तू माहेरी आली का टावरच्या माहेरी? भात थंडा होऊन राहिला!"

*

चाळीस दिवसांची वही भरली. मी, कौसल्याबाई आणि जयवंता, आम्ही तिघी वही मांडून बसलो तेव्हा जयवंताच्याच ध्यानात आलं. स्टेशनकडे पाच येतो. बाजाराकडे पाच येतो. तिच्या टोल्याकडच्या वाटेवर मात्र एकदाही नाही. तिन्हीकडे टॉवर तोच एक, फक्त बाजू वेगळी.

"टावरची माह्याकडची बाजू मेली हाये," ती म्हणाली.

कंपनीच्या तक्रार नंबरावर आम्ही पाळीपाळीने रोज फोन केले. मॅडमनीही आपल्या सहीचं पत्र जोडलं. शेवटी नागपूरहून एक इंजिनिअर साहेब लॅपटॉप घेऊन टॉवरखाली आले. आम्ही तिघी वही घेऊन आधीच उभ्या.

साहेबांनी लॅपटॉप उघडला. "देखिए, सिस्टम में सब हरा है. कोई प्रॉब्लम नहीं."

जयवंता म्हणाली, "जंगलबी हिरवंच हाये साहेब. चला पाहाले."

साहेब निघाले. टोल्याच्या वाटेवर पहिल्या मोहाच्या झाडाखाली जयवंता थांबली. "आता तुमचा फोन काढा. चाळीस असन."

चाळीसच होता.

"आता वीस पावलं चला."

साहेब वीस पावलं चालले. नेटवर्क गेलं. ते फोन वर करून बघतात, खाली करून बघतात. जयवंताने वही त्यांच्यासमोर धरली. "पाच कुठी कुठी येते ते यात लिवलं हाये. तुमचा पाच माह्या टोल्याकडे काऊन येत नाही, ते तुम्ही सांगा."

साहेबांनी एकेक पान उलटलं. मग टॉवरकडे वळून बघितलं, मग जयवंताकडे.

"मॅडम, आपने इंजिनिअरिंग कहाँ से किया?"

"दहावी नापास," जयवंता म्हणाली. "दोनदा."

साहेब हसले नाहीत. त्यांनी वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला, नागपूरला फोन लावला आणि उन्हं उतरेपर्यंत त्यांचा माणूस टॉवरवर चढलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी जयवंताच्या केंद्राची हजेरी आली, चौदापैकी चौदा.