केबलची बाजू माझी

मी बी.एस्सी. आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसांत मी कुणालाही आधी तेच सांगायचे. देवळीच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीचा उंबरठा ओलांडला नव्हता. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. माझी पदवी त्यांनी काचेत मढवली आणि देवाच्या फळीशेजारी टांगली. सकाळी देवाला उदबत्ती ओवाळताना हात थोडा लांब करून ते पदवीलाही ओवाळत. आई म्हणायची, "तिले काऊन धूर देता? काच काळी होईन ना!" पण ते थांबायचे नाहीत.

दोन हजार पाच-सहाचं साल असेल. वर्ध्याच्या एका फोटो स्टुडिओत मला काम मिळालं. मालकांना आम्ही काका म्हणायचो. काकांनी नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि तो केबलने कॉम्प्युटरला जोडून फोटो काढायचे होते, म्हणजे इकडे बटन दाबलं की तिकडे पडद्यावर फोटो. कॉम्प्युटरसाठी शिकलेलं माणूस पाहिजे होतं. ते माणूस मी.

कॅमेरा धरणारा माणूस आधीपासून तिथे होता. आंजी गावचा, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, नववी नापास. आधी घड्याळं दुरुस्त करायचा, नंतर फोटोत आला. सगळे त्याला दादा म्हणत, मीही म्हणायचे. तो मला म्याडम म्हणायचा.

मी त्याच्यावर जळायचे. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. गिऱ्हाईक दारातून डोकं आत घालायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "दादा नाईत का? मग संध्याकाळी येतो." मी आहे की! पण नाही. पासपोर्ट फोटोला बसलेला कडक म्हातारासुद्धा दादाने "आजोबा, थोडं सासऱ्यावानी बसा" म्हटलं की हसायचा. पंखा बिघडला, दादा. शटर अडकलं, दादा. मी पुस्तक उघडून कारण शोधेपर्यंत त्याने ते केलेलं असायचं, आणि कसं केलं विचारलं तर म्हणायचा, "मले काय माईत! हाताले समजलं."

हाताला समजलं म्हणे. मी तीन वर्षं देवळी-वर्धा एसटीत उभी राहून शिकले, ते कशासाठी?

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी काकांनी सांगितलं, "दिवाळी झाली का तुमच्यातल्या एकाले नागपूरले आठ दिवस शिकाले पाठवतो. परत आला का डिजिटलचं सगळं काम त्याच्या हाती." मी त्याच संध्याकाळी घरी सांगून टाकलं, की मलाच पाठवणार. बाबांनी जिनिंगमध्ये सांगितलं. म्हणजे अर्ध्या देवळीला कळलं.

दसऱ्याच्या दिवशी स्टुडिओत यंत्रांची पूजा. सगळी यंत्रं पाटावर मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची आणि त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. पूजेचं ताट माझ्याकडे होतं, कारण स्टुडिओत बाई मी एकटीच. दादाने पुढे होऊन कॅमेऱ्याच्या लेन्सच्या वर छोटंसं कुंकवाचं बोट टेकवलं. अगदी आपल्या लेकराला लावावं तसं. ते मला सोसलं नाही. मनात म्हटलं, फोटो ज्या बाजूने आत जातो ती बाजू तुझी असेल, पण ज्या बाजूने बाहेर येतो ती माझी. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला केबल लावायचं भोक होतं, त्यावर रबराची झाकणी. मी ती झाकणी उघडली, तिथे ओलं कुंकू लावलं आणि अक्षता वाहिल्या. थोड्या जास्तच वाहिल्या. मग केबललाही बोट लावलं. काका म्हणाले, "वा! पोरीनं मन लावून पूजा केली."

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी एका साडीच्या दुकानात काम होतं. शेठजींना दिवाळीच्या पत्रकासाठी साड्यांचे फोटो हवे होते आणि प्रत्येक फोटो त्यांना तिथल्या तिथे पडद्यावर बघायचा होता. "कलर में फरक नको," हे त्यांचं पहिलं वाक्य. गादीवर माझं टेबल लावलं. कुंकू मी बाहेरून पुसलं होतं. केबल लावताना जरा घट्ट वाटली, मी जोर देऊन बसवली. समोर साडी नेसवलेला पुतळा, दादाच्या हातात कॅमेरा, आणि काका शेठजींशेजारी बसलेले. मला कळत होतं, की ते साड्या बघत नाहीत, आम्हाला बघतात.

आधी काठ आणि पदर जवळून घेतले. वीस-पंचवीस फोटो सरसर आले. शेठजी माझ्या पडद्याकडे बोट करून म्हणाले, "ये बढिया है." बढिया माझ्या पडद्यावर होतं, म्हणून मी ते माझं धरलं.

मग अख्खी साडी घ्यायची वेळ आली. दादाने कॅमेरा उभा केला, बटन दाबलं, आणि पडद्यावर पाटी आली: कॅमेरा सापडत नाही.

"दादा, तुम्ही केबल ओढली," मी सगळ्यांसमोर म्हटलं.

"म्या कायले ओढू? मी तं हललोबी नाई."

मी केबल काढून पुन्हा लावली. कॅमेरा सापडला. दादाने पुन्हा उभा धरला, पुन्हा गायब. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. केबलचं दुसरं टोक कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला लावलं. पिशवीतली जादा केबल लावून पाहिली, तेच. शेवटी सीडी घालून कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर काढलं आणि नव्याने टाकलं. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीसारखी सरकत होती आणि शेठजी घड्याळ बघत होते.

दादा म्हणाला, "काका, सध्या कॅमेऱ्यातल्या कार्डावर काढून घेऊ. शेठजी नंतर पाहातीन."

"नाही," मी म्हटलं. "शेठजींना आत्ता बघायचंय." शेठजींना बघायचं होतंच, पण खरं कारण ते नव्हतं. कार्डावर फोटो काढले की कॉम्प्युटर नको, कॉम्प्युटर नको की मी नको. मग दादा एकटाच काम उरकणार आणि मी केबल गुंडाळत बसणार.

सॉफ्टवेअर टाकून झालं. दादाने कॅमेरा आडवा धरला, फोटो आला. उभा धरला, गेला. परत आडवा, परत उभा. असं त्याने चार वेळा केलं, तान्ह्या पोराला पाळण्यात हलवावं तसं.

"म्याडम, आडवा धरला का बोलते, उभा केला का रुसते. सॉफ्टवेअरले काय समजते उभं न् आडवं?"

मी सहा गोष्टी केल्या होत्या आणि हा साधा प्रश्न मला पडला नव्हता.

"केबल तं बदलून पाह्यली. उभा केला का ते लोंबते न् ढिली होते. मंग बाकी राह्यलं भोक." त्याने केबल काढली. शर्टाच्या खिशातून घड्याळवाल्यांची डोळ्यावर लावायची काच निघाली, मग बारीक चिमटा. कॅमेरा बंद केला, उजेडाकडे तोंड करून बसला आणि चिमटा आत घातला. मी त्याच्या अगदी जवळ उभी होते. चिमट्याच्या टोकावर लालभडक काहीतरी आलं. तांदळाची कणी. कुंकवात भिजून वाळलेली.

डोळ्याची काच न काढता त्याने माझ्याकडे पाहिलं. एक डोळा मोठा, एक नेहमीचा. मला वाटलं, आता बोलला. आता काका विचारतील, पूजा कुणी केली? आणि उद्या बाबा जिनिंगमध्ये काय सांगतील?

"काय निघालं रे?" काकांनी विचारलं.

"कचरा होता काका, बारीक," तो म्हणाला आणि चिमटा खिशातल्या रुमालाला पुसला.

केबल खटकन आत बसली. उभे फोटो आले. शेठजी खूश होऊन म्हणाले, "ये आदमी इंजिनिअर है क्या?" काका मोठ्याने हसले आणि दादाच्या पाठीवर हात मारला. नागपूरला कोण जाणार, ते मला त्याच वेळी कळलं.

परत येताना ऑटोत आमच्या मांडीवर लाइटचे स्टँड होते. काका पुढे ड्रायव्हरजवळ. मी हळूच विचारलं, "काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगू? का म्याडमनं कॅमेऱ्याले जेवू घातलं?" तो हसला. मग म्हणाला, "देवाचंच होतं ना. कोणी मुद्दाम थोडीच टाकते."

मला तेच जास्त लागलं. त्याने सांगितलं असतं तर मला भांडता आलं असतं, रागावता आलं असतं, अख्ख्या देवळीला सांगता आलं असतं की त्याने माझी चुगली केली. त्याने तेवढीही सोय ठेवली नाही. हात त्याचे चांगले, गिऱ्हाईक त्याचं, आणि आता मनही त्याचंच चांगलं! माझ्याकडे काय उरलं? काचेतला कागद.

दिवाळीनंतर दादा नागपूरला गेला. कणीची गोष्ट काकांना मी सांगू शकले असते, पण सांगितली नाही. घरी म्हटलं, बाईमाणसाला आठ दिवस बाहेर पाठवत नाहीत. बाबांनी ते खरं मानलं आणि काकांना दोन शिव्या दिल्या. त्या दिवशी मी जेवले नाही. पुढच्या दसऱ्याला दादानेच पूजेचं ताट माझ्या हातात दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "म्याडम, यंदा निस्तं फूल." सगळे हसले. का ते फक्त आम्हा दोघांना माहीत.

पुढे मी वर्ध्याला लागून नालवाडीत स्वतःचा स्टुडिओ टाकला. दादा काकांकडेच राहिला. अजूनही लोक मला सांगतात, "त्या दादासारखा फोटो कोणी काढत नाही," आणि अजूनही माझा चेहरा बदलतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींना मी पहिल्याच दिवशी सांगते, कॅमेरा सापडत नसेल तर कॉम्प्युटरला हात लावू नका, आधी कॅमेरा उभा-आडवा करून बघा, मग भोकात बघा. एकीने विचारलं, "म्याडम, हे कुठं शिकल्या तुम्ही?"

मी भिंतीकडे बोट केलं. बाबा गेल्यानंतर देवळीहून आणलेली पदवी आता तिथे आहे, काच धुराने पिवळी पडलेली. "कॉलेजात," मी म्हटलं.