जांभळीवरची परात

मार्गासनीजवळ माझ्या मामांचं भाताचं खाचर आहे. त्याच्या कडेला हद्दीच्या खुणेचा दगड आहे; म्हणजे मामांच्या मते आहे. शेजाऱ्याच्या मते तो पुरात वाहून आलेला साधा धोंडा, आणि खरी हद्द अलीकडे, मामांच्या खाचरात. रविवारी गावातली जाणती माणसं बसून निकाल देणार होती. जुना नकाशा पुसट, त्यामुळे सगळी मदार मामांच्या शब्दावर.

नेमकी त्याच आठवड्यात मामांनी आभाळात परात पाहिली.

"लखलखती! जांभळीच्या शेंड्यावर. हालली न्हाई, डुलली न्हाई. मग गपकन गेली," असं त्यांनी चहाच्या टपरीवर सांगितलं. शेजाऱ्याला आयतंच मिळालं. "ज्याला आभाळात परात दिसती, त्याला बांधावर खुणंचा दगड दिसंल न्हाई तर काय!"

मी नसरापूरला राहतो. परातीचा उलगडा झाल्याशिवाय मामांच्या शब्दाला वजन येणार नाही, म्हणून शनिवारी निघालो. सोबत पुण्याचा मेहुणा. उडत्या तबकड्या हा त्याचा धर्म. वाटेत त्याने सगळे सिद्धान्त ऐकवले: परग्रहावरची यानं, दुसऱ्या मितीतून डोकावणारे जीव, भविष्यातून आलेली आपलीच पतवंडं, हवेतले विजेचे गोळे. गोळे तेवढे मला सहन झाले.

"सूर्य सोडला तर सगळ्यात जवळच्या ताऱ्यावरून प्रकाशालाच यायला चार वर्षांच्या वर लागतात," मी म्हणालो. "एवढं येऊन ते जांभळीवर नुसते थांबले आणि गेले?"

"दाजी, त्यांना एसटीचं वेळापत्रक लावू नका."

पतवंडं असतील तर ती बांधाच्या वादासाठी आली असतील, हे मात्र मला पटण्यासारखं होतं.

मेहुण्याचा एक हट्ट रास्त होता. पाहणारा नेमका कुठे होता हे कळल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. मामा म्हैस धूत होते. शेजारी बांधावर होता, आणि परात दिसली त्या संध्याकाळीही तो तिथेच होता. मेहुण्याने मोबाईल समोर धरताच त्याने टोपी सारखी केली.

"पाव्हणं, म्हातारा हितं बसला व्हता, आ वासून."

"इथं म्हणजे नक्की कुठं?"

"ह्यो काय, खुणंच्या दगडावर! आमच्या बापापास्नं हितंच हाय ह्यो. दगड तसूभर हालला न्हाई, पर म्हाताऱ्याचं डोस्कं हाललं!"

मेहुणा कोन मोजत राहिला. मी त्याला म्हटलं, आधी व्हिडिओ जपून ठेव.

रविवारी जाणत्यांनी तो दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा केवळ हसण्यासाठी. शेजारी टोपी काढून डोकं खाजवत बसला. हद्द दगडापाशीच राहिली.

परतताना मी मामांना समजावलं, की ती परात म्हणजे विरळ ढगाआडचा शुक्र. सध्या संध्याकाळी तो त्याच दिशेला असतो.

"शुक्र म्या रोज बघतो," मामा म्हणाले. "दगडाचं माझं मानलंस न्हवं? मग परातीचंबी मान."

मेहुण्याने विजयाने माझ्याकडे पाहिलं.