पोटाच्या धाकातले घरमालक

माझ्या कारंज्याच्या घरमालकांइतका स्वतःच्या पोटाला भिणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नसेल. सत्तरनंतरची ती वर्षं. मी तिथल्या शाळेत मास्तर झालो आणि त्यांच्या धान्याच्या दुकानावरच्या खोलीत राहू लागलो. पहिल्याच सकाळी त्यांनी नाव-गाव न विचारता विचारलं, "मास्तर, तुमाले सकाळी साफ होते ना?" मी हो म्हणताच त्यांनी असा सुस्कारा सोडला, की मला उगाचच अपराधी वाटलं. त्यांचं पोट कधी आठवडाभर रुसायचं, तर कधी गिऱ्हाइकाची ज्वारी अर्धी मापून झाली असताना त्यांना परसाकडे पळवायचं. जैनाचं घर, कांदा-बटाटा आधीच वर्ज्य. त्यात पोट बिघडलं की आदल्या दिवशी जे खाल्लं असेल त्याला जन्मठेप. तूर गेली, वांगं गेलं, दूध गेलं. भेंडीचा तर काही दोषही नव्हता, बिचारी त्या दिवशी ताटात सापडली. शेवटी मुगाचं पाणी आणि भाताची पेज उरली. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचो; त्या चिडून म्हणायच्या, "आता हवा खानंही सोडता काय?"

आम्ही हसायचो, पण एस.टी.ची त्यांना वाटणारी भीती हसण्यासारखी नव्हती. वाटेत पोट उठलं तर? एकुलती एक लेक वाशीमला दिलेली, आणि तिचं घर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्याकडे जेवू नये, या रिवाजाआड ते लपायचे. मग माहेरच्या बाळंतपणानंतर नातीला घेऊन सासरी निघताना लेक म्हणाली, "बाबा, आता तरी जेवाले याल ना?" ते पुष्कळदा निघाले आणि सुटत्या गाडीतून उतरून घरी आले. मग दिवसभर दुकानात रिकामी मापं पुसत बसायचे. मला फार वाईट वाटायचं.

अखेर गावच्या डॉक्टरांनी अकोल्याला रक्त तपासायला सांगितलं, उपाशीपोटी. आमच्या मालकांनी धर्मातला उपास धरला, पाण्याचा थेंबही नाही, आणि खबरदारी म्हणून एक दिवस आधीपासूनच. मी सोबत गेलो. गाडीत पोटानं हूं की चूं केलं नाही, मात्र अंगात पाणीच नसल्यानं रक्त काढणाऱ्याला शीर सापडता सापडेना; कशीबशी एकदाची सापडली. दुपारी अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "आतड्यांना रोग नाही, ती हळवी आहेत. पण हिमोग्लोबिन कमी, रक्तपेशींवरून बी जीवनसत्त्वही कमी दिसतंय. उपासमार तुमची तुम्हीच केलीत. इंजेक्शनं घ्या आणि जेवा!"

"म्हंजे मले काईच झालं नाई?" ते हिरमुसले. स्टँडवर वाशीमची गाडी उभी होती. तिच्याकडे पाहता पाहता ते एकदम म्हणाले, "मास्तर, पोट रिकामंच हाये. चाला, असेच जाऊ."

बापाला दारात पाहून लेक रडली आणि सूर्य मावळायच्या आत जेवण व्हावं म्हणून तशीच चुलीकडे धावली. भाकर, तुरीचं वरण, दही. मी डोळ्यांनी त्यांना खुणावत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना, मंगरूळपीरच्या अलीकडे, ज्याला जन्मभर भ्याले तेच झालं. मी कंडक्टरच्या विनवण्या करून गाडी थांबवली. ते बाभळींआडून आले तेव्हा सारी गाडी हसत होती. घाम पुसत माझ्याजवळ बसले.

"लय दुखलं, मास्तर," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर पाहत, डोळे भरून म्हणाले, "पन पोरीनं दुसरी भाकर वाढली ना, तवा म्या नाई म्हनलं नाई."