जावईबुवांचा रिपोर्ट

आमचे हे वकील, पण शौक विमानाचा. सत्तरच्या दशकात दर रविवारी फ्लाइंग क्लबचं छोटं विमान उडवायचे आणि इतवारीतल्या आमच्या गल्लीत मी मिरवायची. एकदा त्यांनी माझ्या बाबांना फिरवायला नेलं, तर हिंगण्यापलीकडे तुरीच्या वावरात विमान आदळलं. बाबांचा हात मोडला. "इंजिनानं दगा देल्ला," हे सगळ्यांना सांगत सुटले. जीव वाचला म्हणून मी गल्लीभर पेढे वाटले, बाई!

मग चौकशीचा रिपोर्ट आला. इंजिन ठणठणीत, पेट्रोलची टाकी कोरडी! उडण्याआधी टाकीत पट्टी बुडवून पेट्रोल पाहायचं असतं, ते यांनी पाहिलंच नव्हतं. आता पेढे खाल्लेल्यांना तोंड कसं दाखवू, असं झालं मला.

क्लबची रीत अशी, की ज्याच्या हातून अपघात झाला त्यानंच रिपोर्ट शिकाऊ पोरांपुढे वाचायचा. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. हे म्हणाले, "मी नाही जात." पण त्या पोरांत माझा धाकटा दीर होता, नुकताच एकटा उडायला लागलेला. माझ्या हातचा डबा खाऊन वाढलेला पोरगा तो. मी भडकलेच. "तुमची अब्रू मोठी का त्याचा जीव? चला, मीबी येते."

यांनी खाली मान घालून वाचलं. मागे मी पदर तोंडाला लावून बसले, मेल्याहून मेल्यासारखी. कोणीतरी फिसकन हसलं. "एवढी साधी गोष्ट! पट्टी काहून नाही टाकली गा?"

रिपोर्टात ते नव्हतं. यांनी कागदाची घडी घातली.

"सासरे उभे होते," हे म्हणाले. "जावई माणूस स्टुलावर चढून ट्रकवाल्यासारखा टाकीत डोकावतो, मले लाज वाटली. पेट्रोलच्या काट्यावर भरोसा ठेवला."

आता सगळेच हसले. हसला नाही तो माझा दीर. तो उठून उभा राहिला, चेहरा पांढराफटक.

"दादा, काल उडताना मीबी टाकीत नाही पाहिलं. दोस्त आले होते पाहाले."

हसणं थांबलं. नवऱ्याची लाज वाटून इतका वेळ मी मान खाली घालून बसले होते. आता वर पाहिलं, आणि पोराला धडधाकट उभा पाहून मला रडूच फुटलं.