अकरा महिन्यांचा वेढा

जर्मनीत सात वर्षं राहून किती किल्ले पाहिलेस, असं कोणी विचारलं तर मी मोबाईल काढतो. एकोणीस. प्रत्येकासमोर माझा फोटो आहे आणि प्रत्येकात मी किल्ल्याकडे पाठ करून उभा आहे. माझा आणि जर्मन इतिहासाचा एकूण संबंध तेवढाच. लाँग वीकएंड आला की बॉबलिंगेनमधली आम्ही चार मराठी कुटुंबं दोन दिवसांत पाच किल्ले उरकतो. तिकीट खिडकीशी गेल्यावर कोणीतरी विचारतं, "आत काय आहे?" दुसरा म्हणतो, "तेच रे, झुंबरं." मग आम्ही बाहेरच्या बाकावर तिखटमिठाच्या पुऱ्या खातो आणि स्टेटसला लिहितो, 'इतिहासाच्या कुशीत'.

हे सुखाने असंच चाललं असतं. पण मे महिन्यात सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आले.

सासरे बँकेतून निवृत्त झालेत, पण बँक हा त्यांचा जोडधंदा होता. खरं काम किल्ले. पुण्यातल्या त्यांच्या गडप्रेमी मंडळात गेली चाळीस वर्षं त्यांचा शब्द शेवटचा. कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं, कुठली वाट पावसाळ्यात सुटते, यावर दोन म्हातारे भांडले की तिसरा यांना फोन लावतो. मी सिंहगडावर दोनदा गेलोय, दोन्ही वेळा गाडीने, दोन्ही वेळा भज्यांसाठी. लग्न ठरताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "चालता का?" मी "हो" म्हणालो. आमच्यातलं ते पहिलं खोटं.

एका शनिवारी त्यांना आल्ब डोंगरांतल्या एका किल्ल्यावर नेलं. नाव सांगत नाही, कारण मला तिथे पुन्हा जायचंय. डोंगराचं टोक, त्यावर टोकदार बुरूज, खाली हिरवी दरी. कॅलेंडरवर असतो तसा. आत जाताना बुटांवर भल्यामोठ्या फेल्टच्या सपाता चढवाव्या लागतात, म्हणजे लाकडी जमिनीवर ओरखडे उठत नाहीत. सासरे त्या घालून हात मागे बांधून, बर्फावरून जावं तसे सरकत चालले होते. सासूबाई म्हणाल्या, "अहो, फरशी पुसायला ठेवलंय की काय आपल्याला?"

गाईडची फेरी जर्मनमध्ये होती. ती बाई मजेत, भरभर बोलत होती. माझं जर्मन यंत्राच्या सुट्या भागांपुरतं आणि पार्किंगच्या दंडापुरतं. तिचं चाळीस टक्के कळत होतं, उरलेलं कळत असल्यासारखी मान मी हलवत होतो. तेवढ्यात सासऱ्यांनी खिशातून वही काढली आणि अदबीने विचारलं, "जावईबापू, काय म्हणतायत त्या? हा कधीचा?"

'मला माहीत नाही.' तीन शब्द. ऑफिसात मी ते दिवसभर म्हणतो, जर्मनमध्ये म्हणतो, उच्चारसुद्धा चांगला आहे. पण समोर सासरे, हातात उघडी वही, आणि बाजूला बायको कौतुकाने माझ्याकडे बघतेय. हे सात वर्षांत फारसं घडलेलं नाही.

"आल्झो," मी सुरुवात केली. आल्झो म्हटलं की पुढचं सगळं अभ्यासातून आल्यासारखं वाटतं, एवढं मी इथल्या मीटिंगांतून शिकलोय. "फार जुना आहे. शत्रूने अकरा महिने वेढा घातला होता. पण किल्लेदार हलला नाही."

"अकरा महिने!" सासऱ्यांनी लिहून घेतलं. ते लिहितायत म्हटल्यावर मला चेव चढला. आता मला जर्मन गोष्टी येत नाहीत, त्यामुळे मी आपल्याच उचलल्या आणि त्यांना थंडीचे कपडे घातले. फितूर कारभारी आला. चोर दरवाजा आला. खालच्या गावातली एक दूधवाली आली. दरवाजे बंद झाल्यावर घरी तान्हं मूल म्हणून ती या कड्यावरून उतरून गेली. दोर लावलेली घोरपडही घालणार होतो, पण एवढ्या थंडीत ती टिकली नसती.

"दूधवाली?" सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "इथेही?"

"या, गेनाऊ," मी म्हणालो, म्हणजे 'हो, अगदी बरोबर'.

त्यांनी तेही लिहिलं. मग ते तटापाशी गेले, दगडावर बोटाच्या पेरांनी टकटक केली, बंदुकीच्या माऱ्यासाठी असलेल्या एका भोकात, म्हणजे जंगीत, डोकं घालून बराच वेळ पाहिलं, दरवाजापासून चौकापर्यंत पावलं मोजली. दोनच प्रश्न होते त्यांचे. पहिला, "पाण्याची टाकी कुठं दिसली नाहीत. अकरा महिने प्यायले काय?"

"बिअर."

सासूबाई हसल्या. सासरे हसले नाहीत. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही, फक्त तोंड उघडून मिटलं. मला वाटलं, जिंकलो.

घरी परतताना गाडीत ते समाधानाने म्हणाले, "पुढच्या रविवारी मंडळात माझं व्याख्यान ठेवलंय. इथूनच, व्हिडिओवर. 'जर्मनीतला एक किल्ला'. सगळे येणारेत. तुम्ही सांगितलेलं सगळं घेतो त्यात."

मी पुढच्या सिग्नलला गाडी बंद पाडली. ऑटोमॅटिक गाडी. ते सोपं नसतं.

त्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा एका किल्ल्याचं माहितीपत्रक वाचलं. शब्दकोश घेऊन, ओळ न् ओळ. मूळचा गड केव्हाच पडून गेला होता. आत्ताचा किल्ला एका हौशी सरदाराने, जुन्या काळाच्या प्रेमात पडून, नकाशे काढून बांधून घेतलेला. देशात आगगाड्या धावायला लागल्या होत्या तेव्हा. त्यावर कधी हल्ला झाला नाही. कोणी वेढा घातला नाही. शत्रू सोडा, पाहुणेसुद्धा वेळ ठरवून येत असावेत.

चाळीस वर्षं ज्याचा शब्द चालला तो माणूस रविवारी बिअर पिणाऱ्या शिबंदीची गोष्ट सांगणार होता. त्यांच्या मंडळात असे म्हातारे आहेत की जे चुकीचा बुरूज दाखवला म्हणून सख्ख्या भावाशी बोलत नाहीत.

"तू सांगतोस की मी सांगू?" बायकोने विचारलं. आई-वडिलांसमोर ती मला 'अहो' म्हणते, म्हणजे स्वयंपाकघराचं दार लावलेलं होतं.

"सांगतो गं. योग्य वेळ बघून."

"योग्य वेळ शनिवारी होती. सपाता घातलेल्या होत्या तेव्हा."

गुरुवारी दुकानात रिकाम्या बाटल्या परत करून अनामत घ्यायला सासऱ्यांना सोबत नेलं. यंत्रात एकेक बाटली सरकवताना सांगायचं ठरवलं. प्रत्येक बाटलीला मी श्वास घ्यायचो आणि यंत्र ती गिळायचं. बाटल्या संपल्या, माझं राहिलं. शुक्रवारी ते गॅलरीत बसून लिहीत होते. मी चहा नेला. "बसा ना," ते म्हणाले. मी बसलो आणि हवामानाबद्दल बोललो. जर्मनीत हवामानाबद्दल पुष्कळ बोलता येतं. शनिवारी मी दोन तास गाडी धुतली, म्हणजे धुवायच्या केंद्रावर नुसती उभी करून आत बसून राहिलो.

रविवारी दुपारी दोनला व्याख्यान. पुण्यात साडेपाच. दोनला दहा कमी असताना सासरे इस्त्रीचा सदरा घालून लॅपटॉपसमोर बसले. पडद्यावर एकेक चौकट उघडत होती, प्रत्येकीत एक पांढरं डोकं, बहुतेक डोकी कपाळापासून वरचीच दिसत होती. "आवाज येतोय का?" असं सगळे एकमेकांना विचारत होते. मी आमचा माइक बंद केला.

"बाबा, एक सांगायचं होतं."

"बोला."

"तो वेढा. अकरा महिने नव्हता. जरा कमी होता."

"किती कमी?"

"अकरा."

बायको मागे दाराला टेकून उभी होती. तिने डोळे मिटले. सासऱ्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"आणि दूधवाली?"

"ती आपलीच."

"ती मी लगेच ओळखली," ते म्हणाले. "अहो, लहानपणी आईच्या तोंडून ऐकली मी तिची गोष्ट. बसा. फोटो पुढे सरकवायचं काम तुमचं. मी 'पुढचा' म्हटलं की सरकवायचा."

"पण तुम्ही काय बोलणार आता?"

"माइक चालू करा."

पहिल्या फोटोवर अक्षरं आली: 'वाटाड्या काय म्हणतो आणि दगड काय म्हणतो'. मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, ती हसू दाबत होती. म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं.

"आम्हाला तिथे एक वाटाड्या भेटला," सासरे आरामात म्हणाले. "तो म्हणाला, इथे अकरा महिने वेढा होता. आता दरवाजा बघा. सरळ. एक वळण नाही, आडोसा नाही. चारजणांनी ओंडका घेऊन धावत यावं आणि थेट चौकात चहाला बसावं. पुढचा."

मी सरकवला.

"या जंग्या. बाहेरून झकास. मी आत डोकं घालून पाहिलं, मागे हातभर जागा नाही. तिथे शिपाई उभा राहणार नाही, मांजर राहील. पुढचा. या खिडक्या बघा, कड्याच्या बाजूला, पुरुषभर उंच. लढणारा माणूस खिडकीतून सूर्यास्त बघत नाही. पाणी नाही. कोठार नाही. मंडळी, हा किल्ला लढलेला नाही. हा हौसेचा आहे. आणि हौस म्हणून फार सुंदर आहे, तेही सांगतो."

चौकटींतून हसण्याचा खोकला उठला. एकजण म्हणाला, "अकरा महिने प्यायले काय म्हणे?" सासरे म्हणाले, "वाटाड्या म्हणतो, बिअर." मग जे हसले त्यात दोघांचे मोबाईल पडले आणि एक चौकट काही वेळ नुसती पंखा दाखवत राहिली. चाळीस वर्षांत त्यांचं व्याख्यान एवढं रंगलं नसेल. रंगवण्यात माझा वाटा मोठा होता, आणि मी तो कॅमेऱ्याच्या बाहेर बसून, बाणाच्या बटणावर बोट ठेवून बघत होतो.

शेवटी सगळ्यात म्हाताऱ्या दिसणाऱ्या गृहस्थांनी हात वर केला. "तो वाटाड्या तिथला जर्मन होता का हो?"

"नाही," सासरे म्हणाले. "बाहेरून नोकरीला आलेला."

"मग ठेवलात कशाला असला माणूस?"

सासऱ्यांनी किंचित मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, असता तर बरं वाटलं असतं.

"गोष्ट चांगली सांगतो," ते म्हणाले. "दगडाकडे पाठ करून सांगतो, एवढंच. पुढचा."

पुढचा फोटो नव्हताच. तरी मी बटण दाबलं.