बाबांचा सवाल

गिरण्यांचा संप फसला तेव्हा मी शाळेत जात होते आणि धाकटा भाऊ जन्मलाही नव्हता. तरी आमच्या लालबागच्या चाळीत संपावर सगळ्यांत मोठ्याने बोलायचा तो तोच. बोलायचा म्हणजे रॅप करायचा. गॅलरीत उभं राहून मोबाइलवर केलेलं त्याचं एक गाणं अफाट गाजलं. 'गिरणी गिळलीत, आता चाळीकडे बघू नका,' असं बिल्डरला सुनावणारं. शिवडीपासून प्रभादेवीपर्यंत नाक्यानाक्यावर ते वाजू लागलं. सासरी मी ज्याला त्याला ऐकवत सुटले. बाबांना मात्र ठेका पटला नाही. "ढोलकी वाजवतोय की दार बडवतोय?" म्हणाले.

त्यांना तो अधिकार होता. गिरणीत असल्यापासून ते शक्ती-तुऱ्यात गायचे. कोकणातल्या गावांचे दोन फड समोरासमोर उभे राहतात. एकाने गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच जवाब द्यायचा. जवाब सुचला नाही तर समोरच्या शाहिराला हात जोडून खाली बसायचं. सवाल अंगावर ठेवून कोणी घरी जात नाही. भाऊ हे सगळं बाबांच्याच मांडीवर बसून शिकला होता.

बघता बघता त्याचा पसारा वाढला. गाण्यांची कंपनी काढली, कपड्यांचा ब्रँड काढला, हाताखाली गाणारी पोरं ठेवली. ऑफिस घेतलं तेही बाबांच्या गिरणीच्या जागेवर उठलेल्या काचेच्या इमारतीत. ती बांधणाऱ्या बिल्डरनेच त्याच्या कंपनीत पैसा घातला होता, आणि त्याच बिल्डरला आता आमची चाळ हवी होती. हे मला पेपरात वाचून कळलं. विचारलं तर म्हणाला, "ताई, बिझनेस वेगळा, गाणं वेगळं. टेन्शन नको घेऊ ना." मला भीती वाटायला लागली ती तेव्हापासून.

चाळीतली बिऱ्हाडं एकेक करून संक्रमण शिबिरात गेली. खोली रिकामी झाली की लगेच बिल्डरची माणसं तिचं दार, खिडक्या काढून नेत. गॅलरीतून जाताना दोन्हीकडे नुसती भगदाडं दिसायची. मग संडासाचं पाणी बंद झालं. जिन्यात अनोळखी माणसं बसू लागली. करत काहीच नसत, आपण गेलो की बोलणं तेवढं थांबवत. बाबा हलायला तयार नव्हते. "आपला पोरगा आहे ना तिथे," म्हणायचे.

गणपतीत मंडळाने भावाला बोलावलं. तो तेच जुनं गाणं गायला, पण चाळीची ओळ गाळून. बाबा उठले, स्टेजपाशी गेले आणि एका कानावर हात ठेवून त्यांनी सवाल टाकला:

"ज्या अंगणी बोल शिकला, ते अंगण विकतो कोण?
शाहिरा, सांग सभेला, तुझा धनी तो कोण?"

लोकांनी टाळ्यांनी ठेका धरला. भाऊ मोबाइल समोर धरून रेकॉर्ड करत होता. मला वाटलं, आता जवाब देईल, निदान हात तरी जोडील. तो हसला, खाली उतरला, बाबांना मिठी मारली आणि माइकवर म्हणाला, "हा माझा पहिला गुरू." शिट्ट्या पडल्या.

"जवाब?" बाबांनी विचारलं.

"देतो ना बाबा, नंतर."

दिवाळीच्या खरेदीला मी आणि बाबा बाहेर पडलो होतो. नाक्यावरच्या मोठ्या पडद्यावर जाहिरात चालू होती. आमच्या चाळीच्या जागी होणाऱ्या टॉवरचं चित्र, त्याखाली भावाचं नाव, धडधडणारा ठेका आणि त्यावर बाबांचा आवाज: "ज्या अंगणी बोल शिकला, ते अंगण..." तेवढंच, पुन्हा पुन्हा. पुढचा सवाल कापून टाकलेला. बाजूला दोन पोरी त्यावर मान डोलवत होत्या.

बाबा पूर्ण जाहिरात संपेपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी पडद्याला हात जोडले आणि फुटपाथवर खाली बसले. मला रडू आवरेना. थोड्या वेळाने माझा हात धरून ते उठले.

"चल," म्हणाले, "खोली रिकामी करायला घेऊ."